ध्यानासाठी अमोनाइट: काही महिने वापरल्यावर

अमोनाइट म्हणजे नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याचं वेटोळ्याच्या आकाराचं, दगड झालेलं कवच. मधोमध कापून पॉलिश केलेली त्याची चकती गेले काही महिने ध्यानाला बसताना समोर ठेवतोय. नग मादागास्करचा, वय सुमारे ११ कोटी वर्षे. सोबतच्या कार्डावर मूलाधार चक्राचं संतुलन, सुधारलेलं रक्ताभिसरण, दीर्घायुष्य अशी भलीमोठी यादी होती.

तब्येतीचं आधी सांगतो. पाठ दुखायची ती दुखतेच आहे. उशाशी ठेवूनही झोपलो. सोनेरी अमोनाइटमुळे भविष्य सांगणारी स्वप्नं पडतात, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलंय. मला मात्र नेहमीचंच, परीक्षेला उशिरा पोचल्याचं.

एकाग्रतेसाठी मात्र वस्तू कामाची आहे. डोळे मिटले की माझं मन सैरावैरा धावतं. इथे नजर बाहेरच्या कडेपासून वेटोळ्याने आत न्यायची. कप्प्यांच्या भिंती किंचित वाकड्या. एखादा मधाच्या रंगाच्या कॅल्साइटने गच्च भरलेला, तर एखादा पोकळ, त्यात बारीक स्फटिक चमकतात. मध्यापर्यंत पोचेस्तोवर श्वास संथ झालेला असतो. यासाठी दुसरी एखादी वस्तूही चालेल म्हणा, पण हिचा अजून कंटाळा आलेला नाही.

'भूतकाळ मागे टाका' हा अमोनाइटचा ठरलेला अर्थ. प्राणी वाढला की कवचात पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालायचा, त्यावरून. पण तो मागचं टाकत कुठे होता? जुने कप्पे जन्मभर सोबतच असायचे. त्यांतलं पाणी एका बारीक नळीने काढून घेतलं जायचं, तिथे वायू भरायचा आणि त्याच्याच जोरावर हा जड कवचासकट तरंगायचा. मला कार्डापेक्षा हे जास्त पटलं, आता बसतो तेव्हा हेच मनात असतं.

गंडकीच्या शाळिग्रामांतली चक्रंही बहुतेक अमोनाइटचीच. म्हणून ही चकती देव्हाऱ्यात ठेवा असं काहीजण सुचवतात. शाळिग्रामामागे पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा आहे, हिच्यामागे पॉलिशचं यंत्र. मी टेबलावरच ठेवली.

'शुद्धीकरणा'साठी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगतात, ते करू नका. मीठ बारीक भेगांत शिरतं आणि सुकताना दगड तडकू शकतो. लिंबू किंवा व्हिनेगर तर लांबच ठेवा, कॅल्साइट त्यात विरघळतं. कोरडं मऊ फडकं पुरे.

मोरोक्कोच्या काळ्या दगडातला ऑर्थोसेरस (अमोनाइटचाच सरळ कवचाचा नातेवाईक) घेणार असाल तर जीवाश्माच्या कडा भिंगातून बघा. सुटे तुकडे सिमेंटमध्ये बसवून काळा रंग दिलेल्या पाट्याही सर्रास विकल्या जातात.