फाशी की माफी नसलेली जन्मठेप? मत ठरवण्याआधी दोन्ही शिक्षा शेजारी ठेवून

फाशीच्या वादात घोळ पहिल्याच वाक्याला होतो. ‘फाशी नको म्हणता, म्हणजे चौदा वर्षांनी सोडून द्यायचं का?’ हा प्रश्न येतो आणि पुढची सगळी चर्चा त्याच रुळावरून धावते. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदाचा आकडा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मधला (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 433-अ). ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, तर राज्य सरकारला या कायद्याखाली चौदा वर्षं भरण्याआधी सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चौदानंतर सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं. कैद्याला सुटण्याचा हक्क मिळत नाही.

म्हणून फाशीची तुलना चौदा वर्षांशी करू नका. कोर्ट जी ‘माफी नसलेली जन्मठेप’ देतं, म्हणजे जिच्यात सरकारला शिक्षेत सूट देऊन मुदतीआधी सोडता येत नाही, तिच्याशी करा.

| | फाशी | माफी नसलेली जन्मठेप |
|---|---|---|
| कोण देतं | सेशन्स कोर्ट. पण हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमल नाही | हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट. सेशन्स कोर्टाला माफी बंद करण्याचा अधिकार नाही |
| अंमल कधीपासून | अपील, पुनर्विचार, दयेचा अर्ज संपल्यावर. बहुतेकदा कधीच नाही | निकालाच्या दिवसापासून |
| चूक निघाली तर | अंमल झाला असेल तर काहीच करता येत नाही | सुटका आणि भरपाई. गेलेली वर्षं परत येत नाहीत |
| कमकुवत जागा | सरकारी दिरंगाई झाली की फाशीची जन्मठेप होते | राज्यपाल आणि राष्ट्रपतींचा माफीचा अधिकार शाबूत |

फाशीचा कागद कसा फिरतो

सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली की ‘विशेष कारणं’ लिहावी लागतात. 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून कसोटी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ची. मग फाइल हायकोर्टात शिक्कामोर्तबासाठी जाते, तिथे दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून तपासतात. पुढे सुप्रीम कोर्ट. तिथेही हरल्यास पुनर्विचार अर्ज. 2014 पासून तो तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात ऐकावा लागतो. मग राज्यपाल (अनुच्छेद 161), मग राष्ट्रपती (अनुच्छेद 72). दया नाकारल्याचं कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस द्यावे लागतात. नव्या संहितेच्या कलम 472 ने दयेच्या अर्जाला 30 दिवसांची, आणि राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्राच्या शिफारशीला 60 दिवसांची मुदत घातली. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही.

यंत्रणेने मनावर घेतलं तर हा प्रवास लवकर होतो. कसाबला 6 मे 2010 रोजी शिक्षा झाली, 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात अंमल झाला. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना सप्टेंबर 1978 मध्ये फाशी सुनावली, 27 नोव्हेंबर 1983 ला ती येरवड्यातच दिली. पण हे अपवाद. 2004 पासून देशात प्रत्यक्ष फाशी गेलेले आठ: 2004, 2012, 2013 आणि 2015 मध्ये एकेक, आणि 20 मार्च 2020 ला दिल्लीत चार. फाशीच्या यार्डात कित्येक पट जास्त लोक बसून आहेत.

कागद अडतो कुठे, हे महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांत दिसतं. लहान मुलांची अपहरणं आणि खून करणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींना 2001 मध्ये फाशी झाली, सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी 2014 मध्ये दया नाकारली. तरी जानेवारी 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने ती जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला जवळपास आठ वर्षं लागली होती आणि त्याचं पटेल असं कारण सरकारला देता आलं नाही. 2007 मध्ये पुण्यात कॉल सेंटरमधल्या तरुणीवर बलात्कार करून खून झाला. त्यातल्या दोघांची दया राष्ट्रपतींनी 2017 मध्ये फेटाळली. फाशीची तारीख मात्र निघाली थेट 24 जून 2019 ची. हायकोर्टाने दिरंगाईवर बोट ठेवून शिक्षा 35 वर्षांची केली, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये ते मान्य केलं आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने वेगळा कक्ष उघडावा असं सांगितलं. दोन्ही ठिकाणी वकिलांनी काही जादू केली नव्हती. फाइल टेबलावर पडून राहिली, एवढंच.

त्यामुळे ‘फाशी झाली’ ही बातमी ऐकून पीडितेच्या घरच्यांना जो निकाल मिळाल्यासारखा वाटतो, तो बहुतेक वेळा निकाल नसतोच. पुढची दहा-पंधरा वर्षं दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या दारात पुन्हा कॅमेरे येतात.

चूक झाली तर

हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे, म्हणून त्याला जागा जास्त.

2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. सेशन्स कोर्टाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेलं. म्हणजे देशातल्या सर्वोच्च पायरीवर सहा फाशी पक्क्या झाल्या. मग पुनर्विचारात तीच फाइल परत उघडली आणि जे नाकासमोर होतं ते दिसलं: वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच पुढे नेला नव्हता. 5 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई राज्याकडून देवविली. सोळाएक वर्षं तुरुंगात गेली होती. दयेचा अर्ज आधी निकालात निघाला असता तर भरपाई घ्यायला कोण उरलं असतं?

दुसरं प्रकरण पुण्याचं. ऑगस्ट 1994 मध्ये एका घरात सात जणांचा खून झाला. फाशी झालेल्या एकाने आपण तेव्हा अल्पवयीन होतो असं मांडलं. राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं ठरलं. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, 28 वर्षं कैद भोगून झाल्यावर. त्या वयाच्या बालगुन्हेगाराला कायद्याने मिळू शकणारी कमाल मुदत तीन वर्षांची.

या चुका पुराव्यातल्या. शिक्षा ठरवतानाही चूक होते, आणि ती कोर्टानेच कबूल केलेली आहे. 2009 च्या बरियार निकालात (तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण) सुप्रीम कोर्टाने म्हटलं की 1996 चा एक निकाल बच्चनसिंगशी विसंगत होता आणि त्याच्या आधाराने पुढच्या काही फाशी कायम झाल्या. त्या 1996 च्या निकालातला माणूस तोवर फासावर गेलेला होता. 2022 च्या मनोज निकालाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक अवस्था, तुरुंगातलं वर्तन यांचे अहवाल मागवायला सांगितलं. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात दयाही फेटाळली गेल्यावर सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा प्रश्न याच कारणासाठी पुन्हा खुला केला. फाशीत नियम सुधारतात ते आधीच्यांच्या जिवावर.

जन्मठेपेची भोकं

फाशी रद्द करा म्हणणारे इथे घाईने पुढे सरकतात, आणि तेच चुकतं.

2008 च्या श्रद्धानंद निकालापासून, आणि डिसेंबर 2015 च्या श्रीहरन निकालाने 3 विरुद्ध 2 अशा मतांनी पक्कं झाल्यावर, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट ‘25 वर्षं’, ‘30 वर्षं’ किंवा ‘मरेपर्यंत, माफीशिवाय’ अशी शिक्षा देऊ शकतात. शक्ती मिल प्रकरणात नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी बदलून हेच केलं, वर पॅरोल आणि फर्लोही (तुरुंगातून मिळणारी तात्पुरती रजा) बंद. पण अनुच्छेद 72 आणि 161 कोर्टाला बंद करता येत नाहीत. शिवाय साध्या जन्मठेपेत सरकार काय करू शकतं हे 2022 मध्ये दिसलं: बिल्किस बानो प्रकरणातले अकरा दोषी गुजरात सरकारने सोडले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून अधिकार महाराष्ट्राचा होता, असं सांगून सुप्रीम कोर्टाने 8 जानेवारी 2024 ला ती माफी रद्द केली. त्यासाठी पीडितेला स्वतः पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता खरी मेख. समजा उद्या संसदेने भारतीय न्याय संहितेच्या खुनाच्या कलम 103 मधून ‘मृत्युदंड’ एवढाच शब्द खोडला. तर दोन गोष्टी आपोआप ढासळतात. चौदा वर्षांची किमान अट ‘ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते’ त्यालाच लागू आहे; फाशी गेली की खुनाच्या नव्या खटल्यांत तीही गेली, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 474 खाली जन्मठेप सात वर्षांपर्यंतही उतरवता येते. दुसरं, ‘माफी नाही’ म्हणण्याचा कोर्टाचा अधिकार फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधल्या जागेवर उभा आहे. वरचं टोकच काढलं तर त्या युक्तिवादाला नवा आधार शोधावा लागेल. म्हणून रद्द करायचीच तर त्याच विधेयकात ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ हे शब्द, माफीची किमान वर्षं, आणि माफीआधी पीडित पक्षाला नोटीस, हे तिन्ही लिहावं लागेल. ते शब्द कायद्याला नवे नाहीत. न्याय संहितेच्या कलम 104 मध्ये, जन्मठेपेच्या कैद्याने पुन्हा खून केला तर, ते आजही आहेत.

उरलेले मुद्दे, थोडक्यात

जरब: अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये तीन दशकांचे अभ्यास चाळले आणि त्यांवरून ना जरब बसते म्हणता येतं, ना बसत नाही म्हणता येतं, असं सांगितलं. दोन्ही बाजूंनी हे पान मिटवून ठेवावं.

खर्च: ‘बिर्याणी कशाला खाऊ घालता’ हा मुद्दा काढण्याआधी आठवा, कसाबच्या बिर्याणीची गोष्ट रचलेली होती हे खुद्द विशेष सरकारी वकिलांनीच 2015 मध्ये सांगितलं.

दहशतवाद: फाशीच्या बाजूचा सर्वांत मजबूत कोपरा हा. विधी आयोगाच्या 262व्या अहवालानेही (2015) दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळूनच फाशी रद्द करायला सांगितलं. उलट बाजूला अबू सालेम आहे: फाशी नाही आणि 25 वर्षांहून जास्त कैद नाही, असं वचन दिल्यावरच पोर्तुगालने 2005 मध्ये त्याला आपल्या ताब्यात दिलं. म्हणजे फाशी ठेवल्यामुळे शिक्षा वाढण्याऐवजी घटलीही. डॉ. आंबेडकरांनी 3 जून 1949 ला घटना समितीत मृत्युदंडच रद्द करण्याकडे आपला कल सांगितला होता. त्यात अपवाद जोडलेला नव्हता. आमचा कल त्यांच्याच बाजूला आहे, मात्र वरचे तिन्ही बदल त्याच विधेयकात असतील तरच.

तोवर बातमीत ‘जन्मठेप’ दिसली की निकालपत्राचं शेवटचं पान उघडून तीन गोष्टी बघा: शिक्षा सेशन्स कोर्टाची आहे की वरच्या कोर्टाची, ‘माफीशिवाय’ किंवा ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्य’ असे शब्द आहेत का, आणि वर्षांचा आकडा दिला असेल तर आधी भोगलेली कैद त्यात धरली आहे का.