नेपाळमधील शाळेत तीन आठवडे: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात पुण्याच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आम्ही बारा जण नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील एका सामुदायिक विद्यालयात तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करून आलो. परतल्या परतल्या लिहिलेला अभिप्राय भारावलेला असतो, माझाही तसाच झाला असता. म्हणून पावसाळा आणि दसैं (नेपाळमधला दसरा) उलटेपर्यंत मुद्दाम थांबलो. कार्यक्रम आखणाऱ्या संस्थेचे आणि शाळेचे नाव देत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. विमानाने नेपाळला जाताना प्रौढ भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते आणि आधार कार्ड चालत नाही. आमच्यातल्या एकाला हे विमानतळावर कळले आणि तो बिचारा जमिनीवरून गोरखपूर, सुनौलीची सीमा असे करत चार दिवसांनी पोहोचला. काठमांडूहून अरनिको महामार्गाने दोलालघाटला उतरून पुढे जीपने डोंगर चढायचा असतो.

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात या जिल्ह्याची फार मोठी हानी झाली. आमच्या शाळेची दगड-मातीची जुनी इमारत तेव्हा कोसळली, मात्र तो शनिवार होता आणि नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून वर्ग रिकामे होते. आता तेथे पत्र्याच्या छपराची नवी इमारत आहे. पालिकेच्या पत्रांवर ‘शिक्षा शाखा’ असे छापलेले पाहून आम्ही मराठी मुले पहिल्या दिवशी बरेच हसलो. हिंदीतला अर्थ माहीत असूनही शाळेच्या कार्यालयात तो शब्द वाचला की हसू येतेच.

आमच्या वाट्याला दोन कामे होती. पहिले चार वर्गखोल्या रंगवण्याचे. यासाठी मुलांना पाच दिवस व्हरांड्यात बसवले गेले आणि त्या पाच दिवसांत शिकवणे जवळपास बंदच पडले, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. इमारतीची मागची भिंत डोंगराला लागून आहे आणि छपराला पन्हळ नाही, त्यामुळे पत्र्यावरचे सगळे पाणी भिंतीच्या पायाशीच पडते. हात लावला तर तळाचे दोन फूट मे महिन्यातही गार आणि दमट लागत होते. आम्ही स्थापत्य शाखेचे चौघे होतो. आधी पन्हळ बसवावी आणि रंग नंतर द्यावा, असे आम्ही समन्वयकाला सांगितले. पन्हळ यंदाच्या आराखड्यात नाही, असे उत्तर मिळाले. आम्हीही फार ताणले नाही, कारण रंगाचे डबे येऊन पडले होते आणि आम्हाला रंगवायची हौस होती. भिंतीवर निळे आकाश आणि हिमशिखरे काढून आम्ही तिच्यापुढे फोटो काढले.

दुसरे काम मैदानाच्या कडेच्या संरक्षक भिंतीचे. ती गावातल्या दोन डकर्मींनी, म्हणजे गवंड्यांनी, बांधली. आम्ही फक्त दगड वाहिले. डोको ही वेताबांबूची टोपली पाठीवर घेऊन तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर टेकवायचा असतो. माझ्या मानेला पहिल्याच दिवशी उसण भरली, आणि माझ्या दुप्पट वयाच्या एक बाई माझ्या तीन खेपांत पाच खेपा करत होत्या. मजुरी देऊन त्यांच्यासारख्या आणखी चौघींना लावले असते तर हे काम निम्म्या दिवसांत झाले असते, हा हिशेब मी त्याच संध्याकाळी वहीत मांडला. आम्ही प्रत्येकी ३८,००० रुपये भरले होते. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, तेव्हा या रकमेत तेथे किती मजुरी बसते ते ज्याने त्याने पाहावे.

हेडसर (तेथेही हाच शब्द चालतो) अधूनमधून फोटो पाठवतात. जुलैच्या फोटोत हिमशिखरांना फुगे आले होते, सप्टेंबरपर्यंत पोपडे निघून खालचा गिलावा दिसू लागला होता. संरक्षक भिंत मात्र अख्खा पावसाळा जागची हलली नाही. आम्ही नेलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत. शेवटच्या दिवशी काठमांडूत घाईघाईने घेऊन जीपवाल्याकडे दिलेली नेपाळी चित्रपुस्तके तेवढी हाताळून फाटत आली आहेत.

राहण्या-जेवणाची सोय, सुरक्षितता आणि गावकऱ्यांची वागणूक यांत मला काहीही उणे काढता येत नाही. दोन वेळा डाळभात, रात्री घोंगडीवजा जाड पांघरूण आणि आजारी पडल्यावर तत्काळ वाहन, एवढे सगळे मिळाले. पण जाण्यापूर्वी संस्थेला हे जरूर विचारा की काम कोणी निवडले, शाळेच्या व्यवस्थापन समितीने की पाहुण्यांना जमेल या हिशेबाने. आम्ही ते विचारले नव्हते.

दिवाळीत आम्ही बारा जणांनी वर्गणी काढून पन्हळीचे पैसे हेडसरांना पाठवले आणि ती गावातल्याच माणसाने दोन दिवसांत बसवली. परवा त्यांचा निरोप आला की पुढची तुकडी मे महिन्यात येणार असून तिला त्याच चार खोल्या रंगवायच्या आहेत. भिंत तोवर वाळेल का, असे त्यांनी मला विचारले आहे, आणि हिवाळ्यात खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, एवढेच मी त्यांना कळवू शकलो.