साठीनंतर मांड्या टिकवायच्या तर चालायचं की वजनं उचलायची?

आमचे बाबा 71 वर्षांचे. रोज पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पाच किलोमीटर चालतात, साखर आटोक्यात, दम लागत नाही. मागच्या लग्नसराईत पंगतीला पाटावर बसले आणि उठताना पुतण्याला हात द्यावा लागला. "गुडघे हो," म्हणाले. गुडघ्यांचा एक्स-रे वयाच्या मानानं चांगला निघाला. आटल्या होत्या त्या मांड्या. पायजम्याच्या घोळावरून आईला ते आधीच कळलं होतं.

चालणारा माणूस असा कसा अडकतो? स्नायूत ढोबळ मानानं दोन प्रकारचे तंतू असतात. सावकाश, न थकता काम करणारे चालताना राबतात. झटक्यात जोर लावणारे दुसरे, म्हणजे खालून उठायला, ठेच लागल्यावर तोल सावरायला लागणारे. वयाची झीज जास्त करून या दुसऱ्यांची होते आणि सपाटीवरच्या चालण्यात त्यांना फारसं कामच पडत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण 3 ते 8 टक्के घटतात, साठीनंतर आणखी भरभर. ताकद तर त्याहूनही लवकर जाते. या झिजेला सार्कोपेनिया हे नाव 1989 मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं.

चालण्याच्या बाजूनं बोलायचं तर खर्च नाही, शिकायचं काही नाही, हृदय आणि साखर दोन्हींना फायदा, शिवाय कट्ट्यावरच्या गप्पा. म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकतं, हा गुण लहान नाही. पण आज पेललेलं वजन उद्या थोडं वाढवायचं, ही स्नायू वाढण्याची अट त्यात बसत नाही. टेकडीचा चढ किंवा जिने असतील तर थोडं बरं.

वजनांचं उलट. कंटाळवाणं, पहिले पंधरा दिवस अंग दुखतं, चुकीचं केलं तर पाठ धरते, कुणीतरी दाखवणारं लागतं. पण परिणाम दांडगा. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मूठभर लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. ताकद सरासरी अडीचपटीहून जास्त झाली. नव्वदीत! त्यामुळे 'आता या वयात कशाला' हे मला पटत नाही. जिमच हवी असंही नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, रबरी पट्टा, पाण्याच्या बाटल्या, एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. श्वास मात्र कोंडायचा नाही. रक्तदाब चढा असेल, हर्निया किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

सूर्यनमस्कार मधलं उत्तर वाटतात. लवचिकपणाला उत्तम, पण त्यात काही ओढायचं नसतं, आणि मनगटं-खांदे कुरकुरत असतील तर त्रासच.

दुसरा पेच डब्यातल्या प्रथिनांच्या पावडरीचा. साठीपुढे वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72. चहा, पोहे, वाटीभर पातळ वरण यात ती भरत नाहीत. अंड्यात 6, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, पेलाभर दुधात 7 ग्रॅमच्या आसपास. पावडरीचा डब्यातल्या मापाचा एक चमचा 20-25 देतो. सोय आहे, पण महाग. दात नाहीत, भूक मेली आहे, आजारातून उठलाय, अशांना ती द्यावी. बाकीच्यांनी आधी न्याहारी सुधारावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जादा प्रथिनं आणि पावडर, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. आणि जोराचा व्यायाम नसेल तर नुसत्या पावडरीनं फारसं होत नाही.

कुठली बाजू घ्यायची ते घड्याळ सांगेल. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर चालण्यातला वेळ कापून वजनांना द्या आणि तपासूनही घ्या. कमी लागले तर चालणं तसंच ठेवा, दोन दिवस बैठकांचे घाला.

बाबांना 15 लागले होते. आता ते तीन दिवस टेकडीवर जातात आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून उठबशा काढतात. परवा 11 आले. टेकडीवरचे मित्र मात्र अजून विचारतात, शाळेत काय गुन्हा केला होतास म्हणून.