बाळंतिणीसाठी सुती गाऊन: शीतलामाता बाजारातील खरेदी

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अशा दिवसांत, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाला पाजायचे असताना, अंगावरचा कपडा किती महत्त्वाचा असतो, हे मला धाकटीच्या जन्मानंतर कळले. शीतलामाता बाजारातील एका लहान दुकानातून मी तीन सुती गाऊन घेतले. दोन मलमलीचे असून छातीवरील चुणीखाली दोन्ही बाजूंना उभ्या चेन आहेत. बाळ कडेवर असतानाही त्या एका हाताने उघडतात. तिसऱ्याची चेन मात्र धातूची निघाली आणि बाळाच्या गालाला घासू लागली, तेव्हा आईने ती उसवून टिचबटणे लावून दिली. सिझेरियनच्या टाक्यांवर नाडी येत नाही, हे गाऊनचे मला सर्वांत मोठे सुख वाटले. धार जिल्ह्यातील बाग गावच्या ठशांच्या गडद छपाईवर (बाग छपाईवर) दुधाचे डाग उठून दिसत नाहीत. नवा कपडा मात्र आधी वेगळा धुऊन घ्यावा. छातीवर घट्ट बसणारा कपडा, तो कितीही सुबक असला तरी, घेऊ नये, कारण दाबामुळे दुधाच्या गाठी होऊ शकतात. दुकानात घालून पाहण्याची सोय नाही, म्हणून एक माप मोठेच मागावे.