पोवई नाक्यावरचा आंतरराष्ट्रीय कायद्याचा रविवारचा क्लास: फी वसूल, पण गोवा आणि १९७१ एवढ्या घाईत का उरकता?

साताऱ्यात असा क्लास चालतो हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. पोवई नाक्याजवळ एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी दहा ते एक असतो, दोन महिन्यांची बॅच, फी दीड हजार, आणि मुख्य म्हणजे सगळं मराठीत. काढलाय एमपीएससी-यूपीएससीच्या पोरांसाठी पण वयाची अट नाही, त्यामुळे आमच्या बॅचला वकील होते, शिक्षिका होत्या, फौजेतून रिटायर झालेले काही जण होते आणि माझ्यासारखे एमआयडीसीत नोकरी करणारेही होते. विषय एकच धरलाय, एखाद्या देशानं दुसऱ्या देशात सैन्य घुसवलं की कायदा काय म्हणतो आणि बाकीचे देश, पक्ष, पुढारी काय म्हणतात. माझं मत विचाराल तर जावंच, पण काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले आणि ते शेवटच्या रविवारपर्यंत पुसले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी होती का, स्वतःवर सशस्त्र हल्ला झाला होता का, आणि जिथं सैन्य गेलं तिथल्या सरकारनं बोलावलं होतं का. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) म्हणतं दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही, धमकीसुद्धा द्यायची नाही, आणि त्यातून सुटायच्या वाटा दोनच, सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेचा ठराव नाहीतर कलम ५१ चं स्वसंरक्षण, तिसरा प्रश्न संमतीचा. एकाचंही उत्तर हो येत नसेल तर मग कारण कितीही उदात्त सांगितलेलं असू दे, कायद्याच्या बाजूनं ते लंगडंच. प्रतिक्रिया वाचायच्या त्या यानंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, युद्ध सुरू झालं की आधी बाजू ठरते आणि मग कायदा शोधला जातो, ते मी ऑफिसात रोज बघते म्हणून मला ही शिस्त एवढी महत्त्वाची वाटली.

इराकचा रविवार सगळ्यात भारी झाला. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिका आणि ब्रिटननं हल्ला केला तेव्हा हातात होता सुरक्षा परिषदेचा ठराव १४४१, नोव्हेंबर २००२ चा, त्यात इराकला शेवटची संधी आणि गंभीर परिणामांचा इशारा होता पण युद्धाला सरळ परवानगी नव्हती, दुसरा ठराव आणायचा प्रयत्न झाला आणि तो मतदानाला न टाकताच मागं घेतला. एवढं पेपरात वाचलेलं असतं आपण. सरांनी पुढं रॉबिन कुक घेतला. हा माणूस १९९९ मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, कोसोवो या सर्बियाच्या प्रांतासाठी नाटोनं, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीनं, सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले तेव्हा सुरक्षा परिषदेची परवानगी नसतानाही त्यानं त्याचं समर्थन केलेलं, आणि तोच माणूस १७ मार्च २००३ ला इराकच्या मुद्द्यावर मंत्रिमंडळातून राजीनामा देतो. मग हा दुटप्पीपणा का? सरांनी अर्धा तास वर्गालाच भांडायला लावलं. कुकनं राजीनाम्याच्या भाषणात स्वतःच सांगितलं होतं की कोसोवोला नाटो, युरोपियन युनियन आणि आजूबाजूचे सगळे देश पाठीशी होते, इराकला तसं कुणी नाही. राजकारण म्हणून हे पटतं. पण कायद्याच्या फळ्यावर दोन्ही ठिकाणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच येतं, आणि त्याच कोसोवोच्या वेळी बॉम्बफेक थांबवा म्हणणाऱ्या ठरावाच्या मसुद्यावर रशिया आणि बेलारूसबरोबर भारताचंही नाव होतं, तो १२ विरुद्ध ३ नं पडला, हे मला तरी तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

तुर्कस्तानचं उदाहरण तर पोरांनी पाठच करावं. १ मार्च २००३ ला त्यांच्या संसदेत अमेरिकन सैन्याला आपल्या जमिनीवरून जाऊ द्यायचं का यावर मतदान झालं, बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९, म्हणजे जास्त मतं बाजूनं पडूनही हजर सदस्यांचं बहुमत झालं नाही म्हणून प्रस्ताव पडला आणि अमेरिकेचा उत्तरेकडून घुसायचा सगळा प्लॅन बदलला. आपल्याकडे वाजपेयींचं सरकार होतं, एप्रिलमध्ये संसदेनं कारवाईविरुद्ध ठराव केला आणि जुलैत संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून इराकला सैन्य पाठवायचं नाही असं ठरलं. अमेरिकेकडून मागणी होती, मोह पण होता, तरी नाही म्हटलं. मला याचा अभिमान वाटतो आणि तो कुठल्या पक्षाचा म्हणून नाही.

संमतीचा रविवार मात्र वेगळाच गेला. सर मालदीवचं सांगत होते, १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली म्हणून आपले पॅराट्रूपर गेले, सोपी केस. तेवढ्यात मागच्या बाकावरचे मेजर उभे राहिले, आता सगळे त्यांना मेजरच म्हणतात, हुद्दा काय होता कुणी विचारलं नाही. म्हणाले, "सर, आम्ही श्रीलंकेत जाफन्याला होतो. आम्हाला बोलावलं होतं का आम्ही घुसलो होतो, एकदा स्पष्ट सांगा."

सरांनी नोट्स बाजूला ठेवल्या आणि तारखेवार सांगितलं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, तिथल्या सरकारची संमती होती, म्हणजे जाताना आपण कायद्यानं गेलो. मग १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, जूनमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की भारतीय सैन्यानं जुलैअखेर परत जावं. संमती काढून घेतली की थांबण्याचा आधार संपतो, आवराआवरीला लागेल तेवढा वाजवी वेळ सोडला तर. आपलं शेवटचं सैन्य परत आलं मार्च १९९० मध्ये. मधल्या काळात दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंगांनी माघार पूर्ण केली, आणि मद्रास बंदरात परतलेल्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. अकराशेहून जास्त जवान त्या मोहिमेत शहीद झाले. मेजर म्हणाले, "म्हणजे चूक आमची नव्हती." सर म्हणाले, "मेजर, तुमची कधीच नव्हती, ज्यांनी सह्या केल्या आणि ज्यांनी वेळेवर निर्णय घेतला नाही त्यांना हा प्रश्न विचारायचा." माझे चुलते पण त्याच मोहिमेत होते, घरी सुरुंगाचं आणि उकाड्याचं बोलणं व्हायचं पण हे असं नीट कुणी कधी मांडलं नव्हतं. ज्या जिल्ह्यात आपशिंग्यासारखं गाव मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं तिथं हा तास प्रत्येक कॉलेजात व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

युक्रेनचा भाग पण चांगला घेतला. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरुद्धच्या ठरावाला १४१ मतं, विरोधात ५, तटस्थ ३५, आपण तटस्थ. आणि त्याच महिन्यात १६ तारखेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं रशियाला लष्करी कारवाई थांबवा असा अंतरिम आदेश दिला १३ विरुद्ध २ नं, त्या तेरात आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून दाखवले, सरकारचं मत वेगळं आणि न्यायाधीशाचं मत वेगळं, न्यायाधीश तिथं देशाचा वकील म्हणून बसत नाही. आणि रशियानं सुद्धा कलम ५१ चंच नाव घेतलं होतं हे ऐकून पोरं गप्प झाली, कारण कायदा मोडणारा पण कायद्याचंच कलम सांगतो.

आता जे आवडलं नाही ते. एका रविवारी सर नव्हते आणि दुसरे वक्ते बोलावले होते. विषय लिबिया. त्यांनी दोन तास एका बाजूचं भाषण केलं, एकही ठराव उघडून दाखवला नाही, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ठराव १९७३, १७ मार्च २०११, बाजूनं १० आणि तटस्थ ५, त्यात आपण, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी, परवानगी होती नागरिकांच्या संरक्षणासाठी आणि परकीय ताबा ठेवणारं सैन्य नको असं त्यात लिहिलेलं होतं. पुढं नाटोची मोहीम लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मरेपर्यंत चालली आणि परवानगीची मर्यादा कुठं ओलांडली हाच खरा वादाचा मुद्दा, दक्षिण आफ्रिकेनं बाजूनं मत देऊन नंतर तक्रार केली ती यावरच, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीरियाच्या ठरावावर रशिया-चीननं व्हेटो टाकला त्यामागं हीच चीड होती. यातलं काही न सांगता नुसता आवेश देऊन पाठवलं. फी घेऊन हे करू नये. मी लेखी तक्रार दिली, सरांनी पुढच्या वेळी वीस मिनिटं भरून काढली, पण वीस मिनिटांत लिबिया होत नाही.

आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार गोवा आणि १९७१ ची. शेवटच्या रविवारी अर्ध्या तासात दोन्ही, नोट्समध्ये तीन ओळी. अहो हेच तर आपल्या पोरांना इंटरव्ह्यूत विचारणार! डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात गेलं, सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धच्या ठरावाला ७ मतं पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत व्हेटोनं तो थांबला. आपलं म्हणणं होतं की वसाहत हेच चालू असलेलं आक्रमण आहे, १९६० चा वसाहतमुक्तीचा ठराव १५१४ पाठीशी होता. गोवा आपलाच याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, पण फळ्यावरचे तीन प्रश्न तिथं लावले की उत्तरं सोपी येत नाहीत आणि ती अडचण पोरांसमोर मोकळेपणानं मांडायलाच हवी, नाहीतर इतर देशांना आपण कुठल्या तोंडानं जाब विचारणार. १९७१ ची बाजू कितीतरी भक्कम, ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले, त्याआधी जवळपास एक कोटी निर्वासित सीमेवरून आत आलेले, तरीही ७ डिसेंबरला आमसभेत युद्ध थांबवा आणि सैन्य मागं घ्या म्हणणाऱ्या ठरावाला १०४ देशांनी मत दिलं, विरोधात फक्त ११. एवढे देश आपल्या विरोधात का गेले, हा प्रश्न कुणी वर्गात विचारलाच नाही कारण वेळ संपला होता. यशवंतराव चव्हाण १९७४ ते ७७ परराष्ट्रमंत्री होते, कऱ्हाडचा माणूस, साताऱ्यात बसून हा विषय दिल्लीवाल्यांचा म्हणून सोडून द्यायचं काही कारण नाही.

बाकी सोयींचं पटकन सांगते. खोली हवेशीर, फळा मोठा, बाक मात्र अरुंद आहेत, ज्येष्ठांना तीन तास त्रास होतो. पार्किंग नाही, ग्रेड सेपरेटरच्या बाजूला गाडी लावून चालत या. झेरॉक्स नोट्सची शाई फिकट, ठरावांच्या आकड्यांची पानं तर वाचताच येत नाहीत, ती स्वतः लिहून घ्या. रेकॉर्डिंग ॲपवर टाकू म्हणतात पण अर्धीच टाकलीत, रविवार बुडवू नका. लाइट गेली तर प्रोजेक्टर बंद, सर तोंडी शिकवतात आणि खरं सांगायचं तर ते तास जास्त चांगले झाले. शंका विचारायला कुणालाही लाज वाटत नाही, बायका-पोरींना बोलायला पूर्ण वाव मिळतो, हे मुद्दाम लिहितेय.

पाचपैकी चार स्टार. नवीन बॅचसाठी नाव द्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या, वक्ता कोण आहे हे आधी कळवणार का आणि गोवा-१९७१ ला पूर्ण रविवार देणार का. जेवढे जास्त जण विचारतील तेवढं ते लवकर होईल, मी माझ्याकडून फीडबॅकच्या कागदावर दोन्ही लिहून आलेय.