पास काढावा की सुटं तिकीट?

एकाच सेवेचे दोन दर समोर येतात. एक म्हणजे महिन्याचे किंवा वर्षाचे ठरलेले पैसे भरा आणि मग हवं तितकं वापरा. दुसरा म्हणजे जेवढं वापराल तेवढेच द्या. जिम, पोहण्याचा तलाव, बस, वाचनालय, सिनेमा-मालिकांचं ॲप, फोनचा डेटा, कधीमधी लागणारं एखादं सॉफ्टवेअर… कोडं सगळीकडे तेच. सोयीसाठी इथे पहिल्याला पास म्हणू आणि दुसऱ्याला तिकीट.

हिशेब शाळकरी आहे. पासच्या किमतीला एका तिकिटाच्या किमतीने भागायचं. उत्तर आठ आलं, तर महिन्यातून नऊ वेळा जाणाऱ्याने पास काढावा आणि सात वेळा जाणाऱ्याने तिकीट. चूक भागाकारात होत नाही. 'मी किती वेळा जाईन' हा आकडा आपण कुठून आणतो, तिथे होते. तो आपण पुढच्या महिन्यातल्या स्वतःला विचारतो, आणि हा पुढच्या महिन्यातला गृहस्थ भलताच उत्साही असतो. पहाटे उठतो, पावसाला भीत नाही, त्याला सर्दी होत नाही, ऑफिसात कधी उशीर होत नाही.

या गृहस्थावर एक गाजलेला अभ्यास आहे. स्टेफानो डेला व्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सदस्यांची तीन वर्षांची हजेरी तपासली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळा जात होते, म्हणजे एका फेरीला १७ डॉलरपेक्षा जास्त. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचं कार्ड मिळत होतं आणि त्यावर एक फेरी १० डॉलरला पडत होती. कार्ड लपवून ठेवलेलं नव्हतं. लोकांनी पाहून, विचार करून महागडा पर्याय घेतला होता.

मला त्यातला दुसराच निष्कर्ष जास्त बोचला. दर महिन्याला पैसे भरणारे, म्हणजे 'कधीही बंद करता येतं' म्हणून निर्धास्त असलेले लोक, वर्षाचा करार केलेल्यांपेक्षा वर्ष उलटल्यावरही टिकून राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. वर्षाचा करार आपोआप संपतो. महिन्याचा आपोआप चालू राहतो, तो बंद करायला कुणीतरी उठावं लागतं. शेवटची हजेरी आणि सदस्यत्व रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ कोरडा गेला होता. 'कधीही बंद करता येतं' या सवलतीची किंमत आपण अशी मोजतो.

एवढं वाचून पास म्हणजे फसवणूकच असं वाटेल, पण ते खरं नाही. तिकिटाचंही एक दुखणं आहे. रिक्षात बसल्यावर मीटरकडे डोळे लागले की बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो. अगदी हेच नाव देऊन संशोधकांनी या गोष्टीला 'टॅक्सी मीटर परिणाम' म्हटलंय. आन्या लाम्ब्रेख्त आणि बर्न्ड स्किएरा यांनी २००६ मध्ये इंटरनेट ग्राहकांबद्दल लिहिलं, की माणसं ठरीव दर पसंत करतात त्याला स्वतःच्या वापराचा फुगवलेला अंदाज हे एकच कारण नसतं. मीटर पळताना पाहायचा नसतो, हे दुसरं. एखाद्या महिन्यात बिल अचानक फुगू नये, हे तिसरं. शेवटची दोन कारणं चुकीची म्हणता येणार नाहीत. मनःशांतीसाठी थोडे जास्त मोजले तर तो खर्चच आहे, पण ती चूक नाही. फक्त आपण ते कशासाठी मोजतोय हे माहीत हवं.

माझी निवड इथून सुरू होते. ज्या गोष्टीचा वापर वाढावा असं मनापासून वाटतं तिचा पास आणि ज्याचा वापर आटोक्यात राहावा तिचं तिकीट. वाचनालयात मीटर नको. प्रत्येक पुस्तकाला पैसे पडू लागले की माणूस खात्रीचं तेवढंच उचलतो आणि अनोळखी लेखकाकडे हात जात नाही. उलट रात्री दोनपर्यंत मालिका बघण्याची खोड असेल, तर दर भागाला चार पैसे पडलेले बरे.

मात्र पास काढला म्हणजे वापर आपोआप वाढेल हे गृहीत धरू नका. भरलेल्या पैशांची टोचणी झिजत जाते. जॉन गुरव्हिल आणि दिलीप सोमन यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की सहा महिन्यांनी पैसे भरणारे जिमचे सदस्य पैसे भरल्या-भरल्या सर्वांत जास्त येतात, मग गळती लागते आणि पुढच्या भरण्यानंतर पुन्हा उसळी येते. यातून एक विचित्र गोष्ट निघते. वर्षाचा पास स्वस्त पडतो, पण दर महिन्याला खिशातून गेलेले पैसे तुम्हाला दर महिन्याला दारातून बाहेर काढतात. स्वस्त पास आणि वापरलेला पास यांत नेहमीच मैत्री नसते.

आता महिना की वर्ष? 'दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने' ही योजना तुम्ही पाहिली असेल. महिन्याच्या सुरुवातीला एक हप्ता जातो असं धरा. वर्षाचे एकदम भरायचे तर आज एकाऐवजी दहा हप्ते जातात, म्हणजे नऊ जास्त. त्या नऊ हप्त्यांनी पुढच्या अकरा महिन्यांतले अकरा हप्ते वाचतात. व्याजाच्या भाषेत हे महिन्याला साधारण साडेतीन टक्के होतात. इतकं व्याज कुठलीही सुरक्षित ठेव देणार नाही. म्हणून जी सेवा तुम्ही गेली दोन वर्षं न चुकता वापरताय, तिचे पैसे वर्षाचेच भरा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

नव्या सेवेचं गणित मात्र उलटं फिरतं. सातव्या महिन्यात कंटाळा आला तर महिन्याच्या पासाने सात हप्ते गेले असते, वर्षाच्या पासाने दहा गेले. फायद्याची रेषा दहाव्या महिन्यावर आहे. नव्या छंदाला दहा महिने टिकण्याची खात्री मी तरी स्वतःला देत नाही. (एकदा पोहण्याचा वर्षाचा पास काढला होता. अकरा वेळा गेलो. त्यातल्या दोनदा तलाव बंद होता, पण उरलेल्या दिवसांचा दोष तलावावर घालता येत नाही.)

किती वापर होईल याचा काहीच अंदाज नसेल तेव्हा काय करायचं? संगणकशास्त्रात यासाठी एक जुनं कोडं आहे, स्की (बर्फावरून घसरायला पायांना बांधायच्या पट्ट्या) भाड्याने घ्याव्यात की विकत? तुम्ही बर्फावर किती दिवस खेळणार हे तुम्हालाच माहीत नाही. समजा विकत घेणं दहा दिवसांच्या भाड्याएवढं आहे. नियम असा, की नऊ दिवस भाडं द्या आणि दहाव्या दिवशीही खेळायचं असेल तर विकत घ्या. चौथ्या दिवशी हौस फिटली तर फक्त चार भाडी गेली, याहून स्वस्त काही नव्हतंच. हौस टिकली तर नऊ भाडी आणि दहा भाड्यांची खरेदी मिळून एकोणीस. सगळं आधी माहीत असणाऱ्याने दहा दिले असते. म्हणजे काहीही झालं तरी तुमचा खर्च त्या सर्वज्ञ माणसाच्या दुपटीला पोचत नाही, आणि भविष्य माहीत नसताना यापेक्षा चांगली हमी देणारा दुसरा ठरीव नियम नाही. ड्रिल मशीन, तंबू, कॅमेऱ्याची लेन्स अशा गोष्टींना हा थेट लागू पडतो. पासाला मुदत असते, त्यामुळे तिथे तो तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच. आधी तिकिटं काढा, तिकिटांची बेरीज पासाएवढी होत आली की पासाकडे वळा. तोवर तुमच्या हातात अंदाजाऐवजी स्वतःची हजेरी असते.

दहा फेऱ्यांच्या कार्डाला बरेच जण बगल देतात, पण मला तो मधला मार्ग आवडतो. दर पासाजवळचा, आणि न गेलेल्या महिन्याचे पैसे बुडत नाहीत. फक्त मागच्या बाजूची मुदत वाचा. दहा फेऱ्या आणि मुदत एक महिना असेल, तर तो पासच आहे, कपडे बदललेला.

फुकट चाचणीबद्दल एकच. ज्या दिवशी सुरू कराल त्याच दिवशी रद्द करून टाका. बऱ्याच ठिकाणी मुदत संपेपर्यंत वापर तरीही चालू राहतो. नसेल राहत, तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

आणि आधीच चालू असलेल्या पासांचं काय? लिरान आयनाव, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा लोकप्रिय सबस्क्रिप्शनं पाहिली. ज्या बँक कार्डातून पैसे कापले जात ते ज्या महिन्यात बदललं गेलं, त्या महिन्यात सदस्यत्व सोडणाऱ्यांची संख्या उसळली. सेवा तीच, दरही तोच. फक्त नवा कार्ड नंबर टाकताना लोकांना पहिल्यांदा 'हवंय का हे?' असा प्रश्न पडला. कार्ड बदलायची वाट न पाहता हा प्रश्न विचारायचा असेल, तर मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि आपोआप कापल्या गेलेल्या प्रत्येक रकमेसमोर तीन महिन्यांत किती वेळा वापर झाला ते लिहा. आठवत नसेल तर शून्य लिहा. मग भागाकार. शून्याने भागता येत नाही, तिथे निर्णय झालाच.

तलावाचं म्हणाल, तर सध्या मी तिकीट काढतो. वर्षाचा पास चाळीस तिकिटांना पडतो आणि वहीत तेवीस रेघा झाल्यात. शेवटची रेघ तीन आठवड्यांपूर्वीची आहे.