बेल्टचा आवाज, आणि पाथर्डी फाट्याचे मिस्त्री

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी गाडी चिवचिवायला लागली. सकाळी पावणेसातला सेल मारला की बॉनेटखालून चिक्-चिक्-चिक् असा आवाज यायचा, आणि रेस केलं की तो जलद व्हायचा. गाडी २०१४ ची पेट्रोल वॅगन आर. नाशिकच्या इंदिरानगरहून गिरणाऱ्याच्या पुढे माझी शाळा आहे, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. गाडीत आम्ही चौघी शिक्षिका असतो आणि गंगापूर गाव मागे पडलं की रस्त्यावर गॅरेज असं फारसं लागत नाही. म्हणून हा आवाज मी अंगावर काढला नाही, दुसऱ्याच दिवशी गाडी दाखवली.

ती दाखवली महामार्गालगतच्या एका मोठ्या गॅरेजात. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथे तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला इंजिनाच्या चाकांवरून (पुलींवरून) फिरणाऱ्या बेल्टवर कसलासा फवारा मारून दिला, दोन दिवस आवाज बंद. दुसऱ्या खेपेला बेल्ट बदलला, चौदाशे रुपये घेतले, आठवडाभर बरं गेलं. तिसऱ्या खेपेला बॉनेट उघडून, आवाज ऐकून जागच्या जागी सांगितलं, ‘मॅडम, अल्टरनेटर गेला, आठ हजार धरून चाला.’ अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. मीटर लावला नाही, काही मोजलं नाही. माझा राग पैशांवर नव्हता. खराब पार्ट बदलायलाच हवा, पण तो खराब आहे हे आधी बघायला तर हवं.

शाळेतल्या एका मॅडमच्या यजमानांनी पाथर्डी फाट्याच्या आतल्या रस्त्यावरचं गॅरेज सुचवलं. पत्र्याची शेड, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, बोर्डावर नाव नाही, नुसतं ‘कार रिपेअरिंग’. शेजारी रसवंती. मिस्त्री साठीच्या आसपासचे. उमेदीची वर्षं सातपूरच्या कारखान्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. हाताखाली एक पोऱ्या. गेल्या तीन महिन्यांत मी तिथे तीनदा गेले, त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही, आधी मलाच विचारत राहिले. आवाज थंड गाडीला येतो की गरमलाही? एसी लावल्यावर वाढतो का? हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू केलं तर? पाऊस-दव असेल तेव्हा कमी होतो की जास्त? एकसारखा लांब किंचाळल्यासारखा आहे की तुटक? मी विज्ञान शिकवते, पण आवाजाकडे इतक्या बाजूंनी मी पाहिलेलं नव्हतं. तुटक आहे आणि इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होतो, एवढं मात्र मला छातीठोक सांगता आलं. त्यावर ते म्हणाले, ‘मग ताणाचा प्रश्न नसावा ताई. बघू.’

त्यांनी समजावलेला फरक असा. बेल्ट ढिला पडून घसरतो तेव्हा ‘चीऽऽऽ’ असा लांब आवाज येतो, आणि तो बोजा पडल्यावर येतो. थंड सकाळी सेल मारला की बॅटरी भरायला अल्टरनेटरवर जोर येतो, तेव्हा हमखास. पुली एका रेषेत नसतील तर बेल्टच्या धारा, म्हणजे आतल्या बाजूच्या लांब उभ्या रेघा, पुलीच्या खाचेत शिरताना दर फेरीला घासतात, तो आवाज तुटक येतो. आणि बेअरिंग गेलं असेल तर आवाज चीं-चिक् असा नसतोच, घरघर असते, जात्यासारखी.

मग पाण्याची परीक्षा. झाकणाला भोक पाडलेली बिसलरीची बाटली त्यांच्याकडे तयारच होती. मला म्हणाले, ‘ताई, ओढणी मागे बांधा आणि दोन पावलं लांब उभ्या राहा.’ पोऱ्याने गाडी चालू केली, आवाज सुरू झाला, आणि मिस्त्रींनी फिरत्या बेल्टच्या आतल्या, धारांच्या बाजूवर पाण्याची बारीक पिचकारी मारली. आवाज जागीच बंद. मी घड्याळ बघत होते, दहा-बारा सेकंदांत पाणी उडालं आणि चिक्-चिक् परत आली. पुन्हा पिचकारी, पुन्हा शांतता, पुन्हा आवाज. पाणी पडल्यावर आवाज वाढला असता तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. थांबून परत आला, म्हणजे रेषेत फरक आहे. पाणी तेवढ्यापुरतं वंगणाचं काम करतं, बाकी काही बदलत नाही. इतका साधा आणि इतका स्वच्छ प्रयोग मी वर्गातही क्वचित केला असेल.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. इंजिन बंद करून बॅटरीवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट. चालू केल्यावर १४.१. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून १३.८. ‘अल्टरनेटर ठणठणीत आहे. आठ हजार वाचले तुमचे.’ मीटरचा आकडा त्यांनी माझ्याकडे वळवून दाखवला.

मग बेल्ट काढले. माझ्या गाडीला दोन आहेत, एक एसीचा आणि दुसरा अल्टरनेटर व पाण्याचा पंप फिरवणारा. बेल्ट म्हटलं की बऱ्याच जणांना टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या बेल्टची, धास्ती वाटते, मलाही होती. जुन्या मारुती ८०० ला टायमिंग बेल्ट होता, पण या वॅगन आरच्या के-१० इंजिनात त्याच्या जागी चेन आहे, तिचा या आवाजाशी संबंध नाही. दोन्ही बेल्ट काढून त्यांनी फक्त काही सेकंद इंजिन चालू केलं. आवाज नाही. ‘करा बंद, पंप फिरत नाहीये,’ असं म्हणून लगेच बंद करवलं. घरी हा प्रयोग करू नका, बेल्टशिवाय इंजिनाला पाणी फिरत नाही आणि ते तापायला वेळ लागत नाही. मग प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली, पुढे-मागे हलवून पाहिली. पंपाच्या पुलीला खेळ नव्हता. अल्टरनेटरची पुली गुळगुळीत फिरत होती. पण अख्खा अल्टरनेटरच हाताने किंचित हलत होता.

तिथे सापडलं. अल्टरनेटर ज्या खालच्या बोल्टवर तोललेला असतो त्याचा बुश, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी, झिजून गेला होता. बेल्टचा ताण पडला की अल्टरनेटर तिरका व्हायचा. स्टीलची फूटपट्टी खालच्या मोठ्या पुलीच्या तोंडावर टेकवून त्यांनी मला वाकून बघायला लावलं. पट्टी आणि अल्टरनेटरची पुली यांच्यात एका बाजूला दोनेक मिलिमीटरची फट होती, उजेड दिसत होता त्यातून. महिन्याभरापूर्वीच टाकलेला नवा बेल्ट माझ्या हातात दिला. एका कडेचे धागे सुटलेले, दुसरी कड नव्यासारखी. धारांमध्ये त्या फवाऱ्याचा चिकट थर आणि त्यावर गिरणारे रस्त्याची तांबूस धूळ बसलेली, बोटाला काजळीसारखी लागत होती. तो चिकटपणा आवाज दोन दिवस दाबतो आणि नंतर धूळ धरून बेल्ट आणखी खातो, हे मला तेव्हा कळलं.

बेल्टची तब्येत कशी ओळखायची हेही त्यांनी दाखवलं. जुन्या रबराच्या बेल्टला आडव्या चिरा पडायच्या, त्या मोजून बेल्ट बदलत. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, त्यांना लवकर चिरा जात नाहीत. टायर झिजावा तशा त्यांच्या धारा झिजतात आणि मधल्या खाचा रुंद होतात, त्यामुळे वरून बेल्ट चांगला दिसतो आणि आतून संपलेला असतो. धारांवर नख फिरवायचं, चकाकी आली असेल तर तो घसरून तापलेला आहे असं समजायचं. तेल लागून फुगलेला, मऊ पडलेला बेल्ट पुसून परत लावायचा नाही, आधी तेल कुठून गळतंय ते शोधायचं. बेल्टच्या पाठीवर ‘४ पीके’ असं काही छापलेलं असतं. चार म्हणजे धारांची संख्या, पीके हा धारांचा प्रकार आणि पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. दुकानातून आणलेला बेल्ट या आकड्यांनी जुळवून घ्यावा, ‘वॅगन आरचा द्या’ एवढं सांगणं पुरत नाही.

बुश, बोल्ट आणि नवा बेल्ट आणायला पोऱ्या नाशिकच्याच द्वारका भागात गेला. पुलींच्या खाचा मिस्त्रींनी ब्रशने आणि कोरड्या फडक्याने घासून साफ केल्या. नवा बेल्ट चढवून, दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून ताण पाहिला. फार ढिला तर घसरतो, फार आवळला तर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. अंगठ्याने अंदाज घेतल्यावरही त्यांनी ताण मोजायचं साधन लावलंच. फूटपट्टी पुन्हा टेकवली, उजेड दिसला नाही. एकूण बिल अकराशे रुपये, त्यातली मजुरी चारशे. त्या दिवसापासून चिक्-चिक् नाही, आणि निफाडकडून गारठा आला त्या जानेवारीच्या सकाळीही नाही.

या अनुभवावर मी फेब्रुवारीत सर्व्हिसिंगही तिथेच केलं. त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळीकडे होतं, पण इथे जे वेगळं दिसलं तेवढं सांगण्याजोगं आहे. ऑइल काढायच्या आधी इंजिन जरा गरम केलं, म्हणजे तळाचा गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने तेल लावून फिल्टर हातानेच आवळला, पान्ह्याने नाही. माझं मॅन्युअल मागून घेऊन त्यातला ऑइलचा ग्रेड वाचला, ५ डब्ल्यू ३० चा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. पाच मिनिटं थांबून डिपस्टिक दोनदा पुसून लेव्हल दाखवली. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल, हे मला माहीत होतं. एअर फिल्टरला मात्र हा हिशोब चालत नाही, हे त्यांनी पटवलं. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या हंगामात पिकअपच्या रांगा लागतात, रस्त्याच्या कडेची सगळी माती उडते. माझा फिल्टर सहा महिन्यांचा होता, आत टॉर्च धरली तर पलीकडे उजेड जवळजवळ येतच नव्हता.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, मी चुकत होते. बाटलीत कमी दिसलं की मी नळाचं पाणी घालायचे, दोन वर्षं. बाटलीच्या तळाशी तांबूस गंजाचा थर जमला होता. त्यांनी गाडी पूर्ण थंड होऊ दिली, मगच झाकण उघडलं, सगळं काढून धुवून कूलंट भरलं. गरम गाडीचं झाकण उघडून हात भाजून घेतलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत, त्यावर ते बराच वेळ कळकळीने बोलत होते. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुतला, वर व्हॅसलीन लावलं. स्पार्क प्लग काढून फीलर गेजच्या पातळ पट्टीने त्यांच्या टोकांमधला गॅप बघितला आणि ‘अजून चालतील’ म्हणून तेच परत बसवले. बिल तीन हजार चारशे पन्नास. काढलेले पार्ट डिकीत ठेवून दिले, न मागता.

आता उणिवा, कारण त्या आहेत. बसायला प्लास्टिकची एक खुर्ची, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, जवळचं शोधावं लागतं. ही मोठी अडचण आहे आणि मी त्यांना तोंडावर सांगितली आहे. फोन उचलतीलच असं नाही. काम चालू असताना दुसरी गाडी घेत नाहीत, त्यामुळे नऊच्या आत पोचलात तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. छापील बिल मिळत नाही, वहीतल्या पानावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून देतात, त्यामुळे विम्याच्या किंवा कंपनीच्या बिलासाठी उपयोग नाही. एसीचा गॅस भरत नाहीत. स्कॅनर आहे पण जुना, नव्या गाड्यांचे सेन्सरचे घोळ असतील तर ते स्वतःच दुसरीकडे पाठवतात. वॉरंटीतली गाडी तिथे नेऊ नये, असं त्यांनीच माझ्या भावाला सांगितलं.

एक गोष्ट राहिली. गाडी चालवताना अचानक बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाची खूण वर जायला लागली, तर बेल्ट तुटला असं समजून तिथल्या तिथे कडेला घ्या. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून नेलेल्या गाडीच्या इंजिनाचं तापून वाकलेलं हेड त्यांच्या शेडमध्ये पडलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या गाडीतल्या बाकी तिघींनाही मी या दोन्ही खुणा दाखवून ठेवल्या आहेत.

बेल्ट बदलल्यावर पाचशे किलोमीटरनंतर परत बोलावलं होतं, नवा बेल्ट बसल्यावर थोडा सैल पडतो म्हणून. शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. फूटपट्टी टेकवली, ताण मोजला, बोल्ट पाव फेरी आवळला. पैसे विचारले तर म्हणाले, ‘याचे तेव्हाच घेतले होते ताई.’ आणि शेजारून दोन ग्लास उसाचा रस मागवला.